साग, आडजात आणि निर्यातीचे आकडे : ब्रह्मदेश व थायलंड यांच्या तुलनेची चिकित्सा

दोन देशांनी एकाच प्रकारचा माल किती निर्यात केला, हे कालानुक्रमे मांडून त्यांची तुलना करणे हे काम वरवर पाहता निरुपद्रवी वाटते. दोन स्तंभ घ्यावेत, वर्षे एकाखाली एक लिहावीत, प्रत्येक वर्षासमोर परिमाण व किंमत मांडावी आणि शेवटी दोन रेषांचा एक आलेख काढावा, एवढेच ते. ब्रह्मदेश आणि थायलंड (पूर्वीचा सयाम) यांच्या कठीण लाकडाच्या निर्यातीविषयी अशी कोष्टके वारंवार पुढे केली जातात, आणि त्यांवरून काढलेला निष्कर्षही बहुधा ठरलेला असतो. थायलंडने आपली अरण्ये वेळीच सावरली व निर्यात थांबविली. ब्रह्मदेशाने मात्र ती विकून खाल्ली. ह्या निष्कर्षात सत्याचा अंश नाही असे नाही. तथापि ज्या आकड्यांवर तो उभा केला जातो त्या आकड्यांची भाषाच प्रथम नीट वाचली गेलेली नाही, असे म्हणावे लागते. अंक दोन्हीकडे सारखेच लिहिले जातात. पण अंकांच्या डोक्यावर जे शब्द असतात, 'कठीण लाकूड', 'टन', 'निर्यात', 'देश', 'वर्ष', त्यांतील एकही शब्द दोन्ही देशांत, किंवा एकाच देशात शंभर वर्षे, एकाच अर्थाने वापरला गेलेला नाही.

प्रथम 'कठीण लाकूड' हा शब्द घ्यावा. इंग्रजीतील 'हार्डवुड' ह्या संज्ञेचे हे शब्दशः भाषांतर होय, आणि ते मुळातील घोटाळा जसाच्या तसा घेऊन मराठीत आले आहे. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ह्या संज्ञेचा कठीणपणाशी अनिवार्य असा संबंध नाही. सपुष्प, आवृतबीज अशा रुंदपर्णी वृक्षांचे लाकूड ते कठीण, आणि सूचिपर्णी वृक्षांचे ते मृदू. बोटाने दाबले तरी खळगा पडावा असे बाल्साचे लाकूड ह्या व्याख्येने 'कठीण' ठरते, तर धनुष्याला चालणारे चिवट 'यू' वृक्षाचे लाकूड 'मृदू' ठरते. आंतरराष्ट्रीय सांख्यिकीत हाच शास्त्रीय अर्थ स्वीकारलेला आहे. तेथे 'असूचिपर्णी' असा स्पष्ट शब्दही योजला जातो. ह्या अर्थाने साग हे कठीण लाकूडच होय.

ब्रह्मदेशाच्या सरकारी कोष्टकांत मात्र 'साग' आणि 'हार्डवुड' अशी दोन स्वतंत्र सदरे असतात. तेथे 'हार्डवुड' म्हणजे साग सोडून उरलेले सगळे : प्यिंकाडो, पडाउक, इन इत्यादी. ही रूढी ब्रिटिश अमदानीतील वनखात्यापासून चालत आली आहे आणि स्वतंत्र ब्रह्मदेशाच्या लाकूडमंडळानेही ती तशीच चालविली. ज्याला हा संकेत ठाऊक नाही असा अभ्यासक 'हार्डवुड'च्या सदराखालील आकडा उचलतो, आणि ब्रह्मदेशाच्या निर्यातीतील सर्वांत मोलाचा भाग, म्हणजे सागच, त्याच्या हातून गळून पडतो. ही गोष्ट मराठी वाचकाला तरी समजावून सांगण्याची गरज पडू नये. महाराष्ट्रातील कोणत्याही लाकडाच्या वखारीत किंवा वनखात्याच्या लिलावाच्या जाहिरातीत 'साग' व 'आडजात' अशीच विभागणी असते. 'आडजात' म्हणजे कोणती एक जात नव्हे. साग नाही ते आडजात. रंगूनच्या कोष्टकातील 'हार्डवुड' ह्या शब्दाचे बिनचूक मराठी भाषांतर 'कठीण लाकूड' हे नसून 'आडजात' हे आहे. कोशात शेजारी शेजारी न बसणारे हे दोन शब्द वखारीत मात्र समानार्थी आहेत, आणि आकड्यांच्या वाचनात कोशापेक्षा वखारीचे प्रामाण्य अधिक मानावयास हवे.

थायलंडच्या बाजूस ह्याच शब्दाने उलट दिशेने फसगत होते. १९८९ नंतर त्या देशाच्या नैसर्गिक अरण्यातून कायदेशीर तोड जवळजवळ बंद झाली; तरीही अलीकडच्या आंतरराष्ट्रीय कोष्टकांत थायलंड हा चिरीव कठीण लाकडाचा फार मोठा निर्यातदार म्हणून दिसतो. हे लाकूड मुख्यत्वे रबराच्या झाडाचे आहे व ते बहुतांशी चीनकडे जाते. रबराचे झाड मूळचे ॲमेझॉनच्या खोऱ्यातील. पंचवीस-तीस वर्षे चीक देऊन झाल्यावर ते तोडून नवे लावावयाचे असते. एकेकाळी त्याचे लाकूड सरपणापलीकडे कोणी विचारीत नसे. फर्निचरसाठी त्याचा उपयोग होऊ लागला तो गेल्या चार-पाच दशकांतला. वनस्पतिशास्त्राच्या व्याख्येने हेही 'कठीण लाकूड'च. परंतु अरण्यातील साठ-ऐंशी वर्षांचा साग आणि मळ्यातील निवृत्त रबरवृक्ष यांना एकाच रेषेत गुंफून 'थायलंडची निर्यात पुन्हा वर चढली' असे म्हणणे म्हणजे वनव्यवहाराच्या नावाखाली फळबागेचा हिशेब सांगण्यासारखे आहे. शिवाय ह्याच रबराच्या लाकडाच्या खुर्च्या-टेबले करून पाठविली की ती लाकडाच्या प्रकरणातून उठून फर्निचरच्या प्रकरणात जातात. कारण जकातीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात लाकूड ४४ व्या प्रकरणात असते आणि फर्निचर ९४ व्या.

मापांची कथा ह्याहून थोडकी, पण तितकीच घातक आहे. सागाच्या व्यापारातील 'टन' हे वजन नव्हे, घनमाप आहे : पन्नास घनफुटांचा एक टन. पण हे पन्नास घनफूट दोन रीतींनी मोजले जातात. ओंडका मोजताना त्याच्या घेराचा चतुर्थांश घेऊन त्याचा वर्ग करावयाचा व त्यास लांबीने गुणावयाचे, ही 'हॉपस' नावाची जुनी इंग्रजी रीत. आठ फूट घेराचा व वीस फूट लांबीचा ओंडका ह्या रीतीने ८० घनफूट भरतो. भूमितीच्या हिशेबाने तो सुमारे १०२ घनफूट असतो. म्हणजे हॉपस टन हा प्रत्यक्षात १.८० घनमीटरांचा, तर चिरीव लाकडाचा टन १.४२ घनमीटरांचा. मुंबई इलाख्यात इमारती लाकडाची खंडी साडेबारा घनफुटांची धरीत. अशा चार खंड्यांचा एक टन होई, पण कोणत्या रीतीचा, हा प्रश्न तेथेही उरतोच. ओंडक्यांचे टन व चिरीव लाकडाचे टन यांची बेरीज करून तिला एकाच गुणकाने घनमीटरांत उतरविले, तर ओंडक्यांचा व चिरीव मालाचा वाटा जसजसा बदलेल तसतशी निर्यात, अरण्यात काहीही न घडता, वाढलेली वा घटलेली दिसेल. आणि चिरीव लाकडाचा एक घनमीटर मिळण्यासाठी ओंडक्याचा किती भाग भुशात व कापांत जातो, हे तर दोन्ही स्तंभांत कोठेच उमटत नाही.

'वर्ष' ह्या शब्दाविषयी अभ्यासकांना सहसा संशय येत नाही, म्हणून दोन गोष्टी नमूद करणे आवश्यक आहे. पहिली थायलंडच्या पंचांगाची. तेथील वर्ष १ एप्रिलला सुरू होत असे. १९४१ पासून ते १ जानेवारीस सुरू करावयाचे ठरल्यामुळे बुद्धसंवत् २४८३ हे वर्ष १ एप्रिल ते ३१ डिसेंबर १९४० असे नऊच महिन्यांचे झाले. त्या काळातील कोणताही आकडा घेताना तो कोणत्या वर्षमानाचा आहे हे पाहिल्यावाचून पुढे जाता येत नाही. दुसरी गोष्ट सागाच्या प्रकृतीची. हिरवा साग पाण्यावर धड तरंगत नाही. म्हणून खोडाभोवती साल व रसकाष्ठ खोल कापून झाड उभेच वाळू द्यावयाचे, दोन-तीन वर्षांनी ते पाडावयाचे, हत्तींकडून ओढ्यापर्यंत ओढवावयाचे, मग पूर येईल त्याप्रमाणे ओंडके मोठ्या नदीस लागावयाचे व तेथे तराफे बांधून बंदरापर्यंत न्यावयाचे, अशी ही रीत. पाऊस कमी झाला तर माल ओढ्यातच अडकून पडे. अर्थात बंदरातील एखाद्या वर्षाचा आकडा हा त्या वर्षाच्या तोडीचा नसून कित्येक वर्षांपूर्वी घेतलेल्या निर्णयाचा व मधल्या पावसाळ्यांचा असतो. निर्यातीतील चढउतार लगेच त्याच वर्षीच्या राजकीय घटनेशी जोडून दाखविण्याची जी हौस काही लेखनात दिसते, तिला ही साधी गोष्ट ठाऊक असल्याची खूण नाही.

परंतु ह्या सर्वांपेक्षा मूलगामी अडचण 'देश' आणि 'निर्यात' ह्या जोडशब्दांत आहे.

ब्रह्मदेश १ एप्रिल १९३७ रोजी हिंदुस्थानापासून राजकीय दृष्ट्या वेगळा झाला. तोवर रंगून किंवा मोलमीनहून मुंबई, मद्रास वा कलकत्त्यास गेलेला साग हा परदेशव्यापार नव्हताच; तो किनारी व्यापार म्हणून धरला जाई. हिंदुस्थान हे ब्रह्मी सागाचे मोठे गिऱ्हाईक असल्यामुळे जो अभ्यासक केवळ परदेशव्यापाराची कोष्टके पाहील त्याला १९३७ पूर्वीची निर्यात आहे त्याहून कितीतरी लहान दिसेल, आणि १९३७ नंतर ती एकाएकी उसळल्याचा भास होईल. त्या उसळीला कारणे शोधू लागणे म्हणजे सरहद्दीची रेघ हलली ह्याचे स्पष्टीकरण लाकडाच्या भावात शोधणे होय. सयाम मात्र ह्या काळात सार्वभौम राज्य होते. बँकॉकहून मुंबईस गेलेला साग पहिल्या दिवसापासून निर्यातच होता. महायुद्धापूर्वी जगाच्या बाजारातील सुमारे तीन-चतुर्थांश साग ब्रह्मदेशाचा असे, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. ह्या प्रमाणाचा छेद कोणत्या व्याख्येने काढला आहे हे पाहिल्यावाचून ते सयामच्या समोर ठेवणे योग्य नाही.

त्यातही 'ब्रह्मदेशाचा साग' सारा ब्रह्मदेशात वाढलेला नव्हता. सयामच्या उत्तरेकडील पिंग, वांग, योम व नान ह्या नद्यांच्या खोऱ्यांतील ओंडके दक्षिणेस पाकनामपोवरून बँकॉकला येत. पण त्याच देशाच्या पश्चिम कडेची अरण्ये साल्विन नदीकडे उतरतात, आणि साल्विन समुद्रास मिळते ती मोलमीनपाशी. १८२६ च्या यांदाबोच्या तहाने तेनासरीम प्रांत इंग्रजांकडे गेला, मोलमीन ही लाकडाची व जहाजबांधणीची पेठ झाली, आणि चिआंग माईच्या राजांकडून अरण्यांचे मक्ते घेणारे मोलमीनचे व्यापारी सयामी साग साल्विनमध्ये सोडू लागले. ह्या मक्त्यांवरून एवढे तंटे माजले की १८७४ व १८८३ ह्या दोन्ही साली इंग्रज सरकारला चिआंग माईसंबंधी सयामशी करार करावे लागले. मोलमीनच्या वर काडो येथे हे ओंडके अडवून मोजले जात व परक्या अरण्यांतून आलेल्या मालावर जकात घेतली जाई. पण तेथून ते लंडनच्या किंवा मुंबईच्या गोदीस पोचेपर्यंत त्यांचे नाव 'मोलमीनचा साग' असे होऊन जाई. म्हणजे ज्या दोन रेषांची तुलना करावयाची त्यांतील एकीत दुसरीचा भाग मिसळलेला आहे. बँकॉकची निर्यात म्हणजे सयामची तोड, हे समीकरण एकोणिसाव्या शतकापुरते तरी सोडून द्यावे लागते.

येथे एक विषयांतर क्षम्य ठरावे. संस्कृत 'शाक', मराठी 'साग' आणि थाई भाषेतील 'सक' ह्या सागवाचक शब्दांत नादसाम्य आहे. ते पाहून त्यांना एका कुळात बसविण्याचा मोह होतो. 'टीक' हा इंग्रजी शब्द मात्र मल्याळम 'तेक्क'वरून, पोर्तुगीजांच्या 'तेका'तून आला, हे निश्चित आहे. मलबारच्या किनाऱ्यावर युरोपीय व्यापाऱ्याने ऐकलेले नाव पुढे ब्रह्मदेशातील वृक्षालाही चिकटले, जरी ब्रह्मी लोक त्याला 'च्युन' म्हणतात. शब्दांच्या बाबतीत केवळ नादसाम्यावरून नाते सांगणाऱ्याला कोणी भाषाभ्यासक म्हणणार नाही. सांख्यिकीत मात्र दोन सदरांची नावे सारखी उच्चारली जातात एवढ्या आधारावर त्यांखालचे आकडे सगोत्र मानले जातात, आणि त्याला कोणी हरकत घेत नाही.

ओंडके मोजणाऱ्याचे हितसंबंध त्या मोजणीत कसे उतरतात, ह्याचे प्रसिद्ध उदाहरण १८८५ चे आहे. मुंबईत १८६३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनने वर ब्रह्मदेशातील निंग्यानच्या अरण्यातून दाखविले त्याहून कितीतरी अधिक ओंडके नेले, असा आरोप मंडालेच्या दरबाराने केला व तिला सुमारे तेवीस लाख रुपयांचा दंड ठोठावला. फ्रेंचांच्या हालचालींविषयीचा संशय व रंगूनच्या व्यापाऱ्यांची महत्त्वाकांक्षा ही युद्धाची खरी कारणे असतील. निमित्त मात्र ओंडक्यांच्या शिरगणतीचे झाले. नोव्हेंबरात मंडाले पडले, १ जानेवारी १८८६ रोजी राज्य खालसा झाल्याची घोषणा झाली, आणि राजा थिबा रत्नागिरीस आणला गेला. तेथेच १९१६ साली तो मरण पावला. कंपनीचा आकडा खरा की दरबाराचा, ह्याचा निवाडा पुराव्याने झाला नाही. पुढील काळाच्या कोष्टकांत मात्र जिंकलेल्या पक्षाचे हिशेब हीच आधारसामग्री झाली आहे.

शंभर वर्षांनी हीच गोष्ट उलट दिशेने घडली, आणि प्रस्तुत तुलनेचा खरा कस येथे लागतो. थायलंडमध्ये १९६१ साली भूमीच्या सुमारे ५३ टक्के असलेले वनाच्छादन १९८८ पर्यंत सुमारे २८ टक्क्यांवर आले. हा ऱ्हास निर्यातीच्या आलेखात दिसतच नाही, किंबहुना त्या काळात सागाची निर्यात रोडावत चाललेली दिसते. कारण लाकूड देशातच खपत होते आणि मका व टॅपिओका यांच्या शेतीसाठी, नव्या रस्त्यांच्या कडेने, अरण्य साफ होत होते. निर्यात घटली म्हणजे तोड घटली, हे अनुमान येथे सपशेल खोटे ठरते. नोव्हेंबर १९८८ मध्ये दक्षिण थायलंडात नाखोन सी थम्मारात भागात महापूर आला. डोंगरावरचे ओंडके चिखलाबरोबर गावांवर येऊन कोसळले व शेकडो माणसे दगावली. लोकक्षोभामुळे जानेवारी १९८९ मध्ये सरकारने तोडीचे मक्ते रद्द केले. हा निर्णय धाडसी होता हे मान्य करावयासच हवे.

परंतु कापण्याच्या गिरण्या, ट्रक आणि भांडवल यांना त्या निर्णयाने अरण्याबाहेर काढले नाही, सीमेपलीकडे ढकलले. डिसेंबर १९८८ मध्ये थायी सेनापती रंगूनला जाऊन आले होते, आणि त्याच वर्षी सत्ता हाती घेतलेल्या, परकीय चलनाच्या शोधात असलेल्या ब्रह्मदेशाच्या लष्करी राजवटीने सीमेलगतच्या अरण्यांचे मक्ते थायी कंपन्यांना दिले. ह्या पट्ट्यातील बराचसा मुलूख कारेन व इतर बंडखोर संघटनांच्या ताब्यात होता. मक्त्याच्या रस्त्यांनी लाकूड बाहेर आले तसे सैन्य आत गेले. बंडखोरांनीही त्याच लाकडावर आपली पट्टी बसविली. १९९३ च्या सुमारास हे मक्ते संपले. आता कोष्टक काय सांगते? थायलंडची तोड शून्यावर, ब्रह्मदेशाची निर्यात वर. एकाला संयमी व दुसऱ्याला उधळ्या ठरविणारा निष्कर्ष येथूनच निघतो. वस्तुतः ह्या दोन स्वतंत्र रेषा नाहीतच. तीच करवत नदी ओलांडून गेली. एका स्तंभातील घट हीच दुसऱ्या स्तंभातील वाढ आहे. तुलना करणाऱ्याने दोन देशांचे स्वभाव पारखण्याचा आव आणला आहे, आणि हातात आहे तो एकाच बाजारपेठेचा ताळेबंद. सीमेवरच्या खेड्यातील कारेन शेतकऱ्याच्या दृष्टीने त्याचे रान कोणत्या देशाच्या स्तंभात पडले ह्याला अर्थ नव्हता. पण त्या स्तंभावरून पुढे धोरणे आखली गेली, दोष वाटला गेला व शाबासकीही वाटली गेली.

पुढील काळात ब्रह्मदेशाच्या (१९८९ पासून म्यानमारच्या) स्वतःच्या नोंदी अधिकाधिक अपुऱ्या होत गेल्या. काचिन प्रदेशातून चीनच्या युन्नान प्रांतात खुष्कीने गेलेले लाकूड रंगूनच्या बंदरातून गेलेले नसल्याने सरकारी हिशेबात आले नाही. २०१४ साली लंडनस्थित एन्व्हायर्नमेंटल इन्व्हेस्टिगेशन एजन्सीने पाठविणाऱ्या देशाच्या नोंदी व घेणाऱ्या देशांच्या नोंदी समोरासमोर ठेवल्या, तेव्हा पहिल्या दुसऱ्यांहून फारच अल्प असल्याचे दिसून आले. मंडालेच्या दरबाराचा आक्षेपही मूलतः ह्याच जातीचा होता. किमतीचे आकडे तर आणखी निसरडे. कारण एप्रिल २०१२ पर्यंत क्याटचा सरकारी दर डॉलरला सहाच्या आसपास बांधलेला होता आणि बाजारातील दर आठशेच्या घरात होता. कोणत्या दराने नोंद केली हे कळल्यावाचून क्याटमधील निर्यातमूल्याची मालिका वाचणे हे अंधारात घेर मोजण्यासारखे आहे.

१ एप्रिल २०१४ पासून म्यानमारने ओंडक्यांची निर्यात बंद केली. आलेखात येथे एक कडा कोसळलेला दिसतो. भारत हे ह्या ओंडक्यांचे प्रमुख गिऱ्हाईक असल्यामुळे त्याचा आवाज आपल्याकडील वखारींतही ऐकू आला. परंतु बंदी ओंडक्यांना होती, चिरीव लाकडाला नव्हती. चौकोनी तासलेला, नावापुरता चिरलेला ओंडका कोणत्या सदरात जातो, हा प्रश्न वनस्पतिशास्त्राचा नसून जकात-कारकुनाच्या शब्दप्रयोगाचा आहे. २०२१ च्या फेब्रुवारीतील लष्करी उठावानंतर अमेरिकेने एप्रिलमध्ये व युरोपीय संघाने जूनमध्ये म्यानमारच्या सरकारी लाकूड-महामंडळावर निर्बंध घातले. तेव्हापासून पश्चिमेकडे जाणारा माल कोणत्या मधल्या देशाच्या नावाने नोंदला जातो, हे पाहणे आणखी महत्त्वाचे झाले आहे.

जेम्स इंग्रम यांचा १८५० नंतरच्या थायलंडच्या आर्थिक स्थित्यंतरावरील ग्रंथ (१९५५) आणि रेमंड ब्रायंट यांचा ब्रह्मदेशातील वनकारणाच्या राजकारणावरील ग्रंथ (१९९७) हे दोन्ही आपापल्या देशापुरते पक्के आहेत. पहिल्यात साग हा तांदूळ, कथील व रबर यांच्या जोडीचा निर्यातमाल आहे; दुसऱ्यात तो राज्यसंस्था, कंपन्या व शेतकरी यांच्यातील झगड्याचा विषय आहे. ह्या दोहोंतील आकडे उचलून एका तक्त्यात बसविणाऱ्यांनी ह्या दोन ग्रंथांचे प्रश्नच वेगळे आहेत हे विसरता कामा नये. तुलना करावयाचीच झाली तर ती देशाच्या नावाने न करता खोऱ्याच्या नावाने करणे अधिक सयुक्तिक ठरेल : इरावती व सित्तांगचे खोरे, साल्विनचे खोरे, आणि बँकॉकला उतरणाऱ्या चार नद्यांचे खोरे. साग व आडजात वेगळी ठेवावी, रबर तिसऱ्या जागी. काडो येथील परक्या लाकडाच्या नोंदी ब्रिटिश वनखात्याच्या वार्षिक अहवालांत आहेत, त्या मोलमीनच्या बेरजेतून वजा करून सयामच्या बाजूस मांडता येतात. किनारी व्यापाराचे खंड परदेशव्यापाराच्या खंडांशेजारीच ग्रंथालयात असतात. हे काम किचकट आहे, पण अशक्य नाही. आणि मुंबईच्या बंदरातील आयातीच्या जुन्या नोंदींपासून त्याचा आरंभ करता येण्याजोगा आहे, कारण रंगून, मोलमीन व बँकॉक ह्या तिन्ही बंदरांचा साग तेथे एकाच गोदीत उतरत असे.